दोन घरी ठेवलेलं बी

बारा वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावातून मी दोन ओंजळी लाखोरी घेऊन आले होते. त्या दाण्यांवर माझी बढती झाली, दोन विद्यार्थ्यांची पीएच.डी. झाली आणि निरनिराळ्या शहरांत व्यासपीठावर उभी राहून मी टाळ्याही घेतल्या. देणारीला मात्र साधं पत्र पाठवलं नव्हतं. यंदा कार्तिकात तिच्याकडे जाऊन आले, तेही काही उपकार फेडायला म्हणून नव्हे. वाणाची नोंदणी करायची होती आणि अर्जाला जोडण्यासाठी मूळ शेताचा फोटो व मातीचा नमुना हवा होता. एवढंच कारण होतं, ते आधी कबूल करून टाकते.

गावाचं नाव इथे लिहिणार नाही. नाव कळलं की लोक बी मागायला जातील, आणि ती बाई कुणाला नाही म्हणणार नाही.

लाखोरी म्हणजे लाखेची डाळ. आमच्या पुण्याकडे ती कुणी ओळखत नाही, आणि ओळखलीच तर 'ती खाऊन पाय जातात ती ना?' असं विचारतात. तिच्यात एक विषारी अंश असतो आणि दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडलेले आहेत, हे खोटं नाही. कित्येक वर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती. पण झाडीपट्टीतल्या लोकांनी तिला सोडलं नाही, कारण भात कापल्यावर ज्या जमिनीत दुसरं काही उभं राहत नाही तिथे ही उभी राहते. नांगरट नको, खत नको, वरून पाण्याचा थेंब नको. हे तिला कसं जमतं, एवढ्याच प्रश्नावर माझं अर्धं आयुष्य गेलं.

चंद्रपूर ते सिंदेवाही

चंद्रपूरला गाडी पहाटे पोचली. स्टेशनाबाहेर लक्ष्मणभाऊ जीप घेऊन उभे होते. बारा वर्षांपूर्वी ते शेतीखात्यात क्षेत्रसहायक होते आणि त्यांनीच मला त्या गावात नेलं होतं. आता निवृत्त होऊन सिंदेवाहीला असतात. केस पांढरे झालेत, पण बोलण्याची हौस कायम आहे.

मूल गाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल अंगावर येतं. साग, मोहा, मध्येच बांबूची बेटं, आणि जंगल जरा मागे सरकलं की पिवळी पडू लागलेली धानाची शेतं. आमच्याकडे शेताला शेत म्हणतात, इथे बांधी. चारही बाजूंनी धुरा म्हणजे बांध घातलेली, पाणी अडवणारी, ताटासारखी सपाट.

"मॅडम, तुमच्या त्या प्रोटीनचं काय झालं मंग?" लक्ष्मणभाऊंनी विचारलं.

मी नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. रोपाच्या पेशीत काही प्रथिनं अशी असतात की ती स्वतः काम करत नाहीत, दुसऱ्यांना कामाला लावतात. त्यांची मोठमोठी घराणी आहेत. घराण्यात ढीगभर भावंडं, दिसायला सारखी, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणी थंडीत जागं होतं, कुणी कीड लागल्यावर, कुणी पाणी तुटलं की. जागं झालं की ते डीएनएवर जाऊन बसतं आणि हुकूम सोडतं: पानांची छिद्रं मिटा, मुळं खाली धाडा, फुलाची घाई करा. आम्ही रोपाचं पाणी तोडतो आणि काही तासांनी पाहतो की कोणतं भावंड किती जोरात बोलतंय. या गावच्या लाखोरीत एक प्रथिन इतकं जोरात बोलत होतं की आमचा विश्वास बसेना.

लक्ष्मणभाऊंनी वळण घेतलं, समोरून येणाऱ्या बैलगाडीला वाट दिली आणि म्हणाले, "म्हणजे घराले आग लागली का पहिले कोन बोंबलते, थे पाहून राह्यले तुमी."

"हो, तसंच म्हणा."

"मंग विझवते कोन?"

मी हसले. परिषदांमध्ये हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कधी कुणी विचारला नाही, नाहीतर तिथेच पंचाईत झाली असती.

सिंदेवाहीला त्यांच्या घरी जेवलो. त्यांच्या बाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते आणि गरम भातावर झिंग्यांचा रस्सा. "वरून सांबार घालू काय?" असं त्यांनी विचारल्यावर भातावर झिंग्यांच्या जोडीला सांबार कशाला, असं माझ्या मनात आलं. ताटात पडली ती कोथिंबीर. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे बारा वर्षांत मी विसरले होते. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, पुन्हा उकळून तेही पाणी टाकायचं, मग वाटायची, असं त्यांनी सांगितलं. विषाचा बराचसा भाग पाण्यात उतरतो, हे आम्ही यंत्रावर सिद्ध केलं होतं. वडे खाताना त्याचा फार अभिमान वाटला नाही.

मार्कंडा

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. वाटेत मार्कंड्याला थांबलो. महाशिवरात्रीला इथे माणसांचा पूर येतो. त्या सकाळी मात्र देवळाच्या आवारात आम्ही दोघं, एक पुजारी आणि दगडांवर ऊन खात बसलेल्या शेळ्या. काळपट दगडावर इतकं कोरीव काम आहे की डोळे थकतात. नदी इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. लक्ष्मणभाऊंनी नदीच्या दिशेने हात जोडले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमी गेल्या त्याच सालचा पावसाळा. लगित पूर आला होता. खालची गावं पान्यात होती."

"भागरताबाईंचं घर?"

"थे तं पार नदीपाशी. मी तवा बदलून कोरपन्याले गेलो होतो. मंग काई समजलं नाई."

भागरताबाई म्हणजे मला लाखोरी देणारी बाई. मासे धरणारं कुटुंब, नवरा तलावात जाळं टाकायचा, आणि दोन लहानशा बांध्या. एक खालची, तलावाचं पाणी पोचणारी. एक वरची, जिथे पाणी पोचता पोचता संपून जायचं. माझी लाखोरी त्या वरच्या बांधीतली. भिंतीला टांगलेल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून, राख झटकत, तिने ती माझ्या रुमालात ओतली होती. 'काय देऊ?' विचारल्यावर ती हसली होती आणि मी तिचा फोटो काढला होता. त्यापुढे बारा वर्षं मी तिचा विचार केला नाही. प्रयोगशाळेत तिचं नाव 'सत्तावीस' होतं, नमुन्याचा क्रमांक.

गाव

दुपार कलताना पोचलो. नदीपासून दूर, उंचावर, सिमेंटच्या विटांचं नवं घर होतं. अंगणात एक तरुण बाई जाळं दुरुस्त करत होती. ती सुनीता, भागरताबाईंची सून. ओट्यावर भागरताबाई बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा बारीक झालेल्या, कपाळावर आडवा हात धरून आमच्याकडे बघत.

मी नमस्कार केला. नाव सांगणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लगित दिवस लावले तुनं, बाई. आनलं काय?"

मला वाटलं, वयामुळे त्यांची ओळखीत गल्लत होते आहे. "काय आणायचं होतं?" मी विचारलं.

"लाखोरी," त्या म्हणाल्या. "माह्यी."

मी लक्ष्मणभाऊंकडे पाहिलं. तेही गोंधळले. शेवटी जाळं बाजूला ठेवून सुनीता बोलली. तिच्या बोलण्यात अदब होती, पण मऊपणा नव्हता.

"आमच्या घरी बी एका घरी ठेवत नाई, मॅडम. अर्धं आपल्यापाशी, अर्धं दुसऱ्याच्या घरी. त्यानं पेरावं, खावं, आपल्या घरचं गेलं का त्याच्या घरचं आनावं. दरवर्षी नंदेच्या घरी देत होतो. त्या साली तुमी बी मागाले आले, तं सासूबाईनं तुमाले देल्लं. नंदेपाशी मागलं काई राह्यलं नव्हतं. मंग पूर आला. भीत पडली, तुंबा गेला, सारं गेलं. सगळे रडून राह्यले होते, तं या सासूबाई म्हने, काऊन रडता, लाखोरी पुण्याच्या बाईपाशी हाये."

मी ओट्याच्या कडेला बसले.

मी ते नमुना म्हणून घेतलं होतं. फार तर भेट म्हणून. तिने ते मला सांभाळायला दिलं होतं. आपल्या घरचं निम्मं बी तिने एका अनोळखी बाईच्या रुमालात ओतलं, कारण तिच्या हिशेबी बी मागायला येणारा माणूस बी सांभाळणाराच असतो.

"वरची बांधी दर हिवाळ्यात मोकळी ठेवली सासूबाईनं," सुनीता म्हणाली. "एक साल मी दुकानातलं आनून टाकलं, पुसाचा महिना लागला नाई तं वाळून गेलं. मंग म्हने, दुसरं टाकू नको. आपलं येनार हाये, जागा धरून ठेव. बारा सालं, मॅडम. गावातले हासत होते."

"कुणाकडून निरोप तरी धाडायचा," मी म्हणाले. म्हणतानाच ते किती निलाजरं वाटतंय हे कळलं.

"कोनाले पुसू?" भागरताबाई म्हणाल्या. "पुनं मोठं हाये म्हनते."

आता सांगते, पिशवीत माझ्याजवळ तीन किलो लाखोरी होती. सत्तावीसचीच, आमच्या शेतावर वाढवलेली. फोटोत शेतकरी बाईच्या हातात बी दिलेलं बरं दिसतं, म्हणून आणली होती. त्या क्षणी मात्र देवानेच बुद्धी दिली असं वाटलं. मी जीपकडे जवळजवळ पळत गेले, पिशवी आणली आणि त्यांच्यापुढच्या सुपात ओतली. टपोरे, एकसारखे, फिक्या रंगाचे दाणे. सुपात ते इतके देखणे दिसत होते की मला हायसं वाटलं. उशिरा का होईना, ठेव परत केली.

भागरताबाईंनी बोटांनी दाणे पसरले. एक उचलून डोळ्यांजवळ धरला. दाताखाली धरून फोडला. दुसरा फोडला. मग हात झटकून म्हणाल्या, "हे माह्यं नाई."

"तुमचंच आहे, बाई. तुम्ही दिलेलंच पेरत आलो दरवर्षी."

"माह्यं बी बारीक. अंगावर ठिपके. दातानं फुटत नाई लवकर. हे तं वाटान्यावानी हाये." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. "कुठी गेलं थे?"

कुठे गेलं, ते मला ठाऊक होतं. दर हंगामात आम्ही बी चाळत होतो. चाळणीवर राहिलेलं टपोरं बी पुढच्या पेरणीला, चाळणीखालचं बारीक, ठिपक्यांचं बी पोत्यात, आणि पोतं संस्थेच्या गोठ्यात. त्या टपोऱ्यांतूनही पाणी तोडल्यावर ज्यांची प्रथिनं सर्वात जोरात बोलत त्यांना आम्ही निवडत होतो. बोलणं मोजून झालं की पुन्हा पाणी देत होतो, बी धरावं म्हणून. पाण्यावाचून कोण जगतं हे बारा वर्षांत आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं. जे गप्प राहून तग धरत होतं, ते बहुधा चाळणीतून केव्हाच खाली पडलं होतं.

मी हे सगळं सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत, काही न लपवता. लक्ष्मणभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मला माझ्या वयाची, पदाची, पिशवीवरच्या छापील अक्षरांची, सगळ्याची लाज वाटली.

"चाळलं?" भागरताबाई म्हणाल्या. "काऊन?"

"मोठा दाणा चांगला म्हणून."

"मोठा दाना खायाचा, बाई. पेरायाचं तं सगळं."

सुनीता उठून आत गेली. आतून भांड्यांचा जरा जास्तच आवाज आला. तिने चहा आणून ठेवला आणि जाळं घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही.

वरची बांधी

सकाळी लवकर निघण्याचं मी ठरवलं होतं. फोटो, माती, कशाचीच इच्छा उरली नव्हती. पण बाहेर आले तर ओट्यावर लाखोरी पाण्यात भिजवलेली होती आणि भागरताबाई पदर खोचून तयार होत्या.

"टाकून पाहू," त्या म्हणाल्या. "आलेल्या बियाले नाई म्हनू नये."

वरच्या बांधीत धान पिकून वाकलं होतं. कापणीला पंधरा-वीस दिवस होते आणि मुळाशी चिखल अजून ओला होता. इथली रीतच अशी आहे. उभ्या धानातच लाखोरी फेकायची. चिखलात दाणा रुजतो, धान कापेपर्यंत वीतभर रोप होतं, आणि कापल्यावर उरलेल्या ओलीवर व दवावर अख्खा हिवाळा काढतं. याला उतेरा म्हणतात. आमच्या अहवालांमध्ये त्याचं वर्णन चार ओळींत येतं. धानातून चालायचं कसं, ते त्यात नसतं. दहा पावलांत माझी एक चप्पल चिखलाने गिळली आणि ती काढायला वाकले तर मी तोंडावर पडले. सुनीता पहिल्यांदा हसली. मग हात देऊन तिनेच उठवलं.

भागरताबाई पुढे चालत होत्या. मूठ भरायची, मनगट झटकायचं, दाणे धानाच्या लोंब्यांवरून टपटपत खाली. मी एकाच जागी जास्त टाकले तेव्हा त्या म्हणाल्या, "पसरून टाक. कोन कुठी जगते, आपल्याले काय मालूम."

"यातलं तुमचं काही उरलं असेल का?" मी विचारलं.

त्या थांबल्या. "असन तं दिसन. पानी नाई, काई नाई. फागुनापर्यंत जे उभं राहील, थे माह्यं."

बारा वर्षं मी ज्याच्या मागे होते तो प्रयोग त्यांनी एका वाक्यात मांडून दाखवला. मी धुऱ्यावर बसून पाय पुसले.

सुपात निम्मी लाखोरी तशीच होती. मला वाटलं, दमल्या असतील. "मी टाकते उरलेली," म्हणाले. त्यांनी सूप बाजूला ओढलं, ते दाणे माझ्याच पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"हे तुह्यापाशी."

"नको, बाई. मागच्या वेळी मी सांभाळलं नाही. सगळं तुम्हीच ठेवा."

"एका घरी ठेवलं तं राहाते काय?" त्या जरा वैतागूनच म्हणाल्या, समजून न घेणाऱ्या मुलीवर वैतागावं तशा. "मागं नाई सांभाळलं, तं आता सांभाळ. चाळू नको म्हंजे झालं."

मला रडू आलं. लक्ष्मणभाऊंनी तोंड वळवून जीपकडे जायला सुरुवात केली. फोटो मी काढला नाही. नोंदणीचा अर्ज अजून टेबलावर तसाच पडून आहे, आणि 'वाणाचा विकास करणारी संस्था' या रकान्यापुढे काय लिहावं ते मला कळत नाही.

परत आल्यावर

परतल्यावर ती ओली लाखोरी पंख्याखाली सुकवून, न चाळता, मी संस्थेच्या वाफ्यात पेरली. माघात सुनीताचा फोन आला. मी वाफ्यापाशीच होते.

"वरची बांधी गेली, मॅडम," ती म्हणाली. "अर्ध्याच्यावर वाळली. पन धुऱ्यापाशी एक पट्टा उभा हाये. बारीक झाड, निळं फूल. सासूबाई दररोज तिथीच जाऊन बसून राह्यते. हे माह्यं, म्हने. तुमाले पुसाले सांगतलं, तुमच्यापाशी कोनतं राह्यलं?"

मी समोर बघितलं. ठिबकच्या नळ्यांखाली सगळा वाफा हिरवागार, फुलांनी भरलेला. एकही रोप मेलं नव्हतं. सगळंच राहिलं होतं, म्हणून त्यातलं तिचं कोणतं ते मला सांगता येईना.

"थोडे दिवस द्या," मी म्हणाले, "पाहून सांगते."

फोन ठेवून मी वाफ्याच्या टोकाला गेले आणि पाण्याचा कॉक बंद केला. आमचे माळीकाका धावत आले. "मॅडम, फुलावर आलंय. आता पाणी तोडलं तर सगळं बसेल."

"बसू दे काका," मी म्हणाले आणि कॉकची चावी काढून पर्समध्ये टाकली.